क्लबातलं सगळ्यात कमी बिल

थेल्मा हार्ग्रीव्जने उभ्या आयुष्यात वीज कंपनी बदलली नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीला, नोरीनला, हे अगदी जिव्हारी लागायचं. सगळ्यांच्या देखत घरातल्या कुणी मळके कपडे वाळत घालावेत, तशी ती ओशाळायची.

"तार तीच, वीज तीच, फक्त बिलावरचं नाव बदलायचं," नोरीन म्हणायची. "आणि हिला तेवढंही जमत नाही! अगं, त्या कंपनीचे साहेब दरवर्षी तुझ्या पैशावर स्पेनला जाऊन उन्हात लाल होऊन येतात."

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या बायकांच्या क्लबात नोरीन टॅटर्सॉलचा भलताच दबदबा होता. मंगळवारचा बिंगो संपला की ती पर्समधून टॅब्लेट काढायची, चष्मा नाकावर खाली ओढायची आणि दरांची तुलना करणारी वेबसाइट उघडायची. पत्ता घाला, वर्षाला किती वीज लागते ते घाला, की सगळ्या कंपन्या स्वस्त ते महाग अशा ओळीने हजर. बायका हातात बिलं धरून तिच्यापुढे रांग लावत. नोरीन एकेक बिल वाचून आधी त्या बाईला फैलावर घेई आणि मग तिची कंपनी बदलून देई. विनी ओग्डेनची कंपनी सलग तीन वर्षं तिनेच बदलली होती. विनी म्हणायची, "नवऱ्याने जन्मात जितके पैसे वाचवले नाहीत तितके हिने वाचवले."

थेल्मा भिंतीकडच्या खुर्चीत बसून चहा प्यायची आणि ऐकायची. ऐकून घ्यायची तिला लहानपणापासून सवय होती. पंधराव्या वर्षी ती सूतगिरणीत गेली, तेव्हा नोरीन नऊ वर्षांची होती. वडील म्हणायचे, नोरीनला देवाने डोकं दिलंय, थेल्माला हात. हातांच्या मजुरीतून नोरीनच्या शाळेचा गणवेश आला, दप्तर आलं, पुढे नगरपालिकेतली टेबलखुर्चीची नोकरीही आली. थेल्माला घरात एक नावही पडलं होतं, ठोकळा. ते नोरीननेच ठेवलेलं. आई गेल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये थेल्मा हरली. सगळ्या क्लबापुढे दर मंगळवारी बोलणी खाऊन ती थकली होती. एके दिवशी तिने बिल आणलं आणि मुकाट्याने नोरीनच्या पुढ्यात ठेवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आली बाई वठणीवर!" नोरीन म्हणाली. "ई-मेल सांग."

"माझ्याकडे कुठला ई-मेल?"

"बरं, माझा घालते. पासवर्डही मीच ठरवते, तू विसरशील." नोरीनची बोटं भराभर चालू लागली.

"नोरीन, माझ्या मीटरवर दोन आकडे असतात गं. एक दिवसाचा आणि एक—"

"मध्ये बोलू नकोस. वेळ लावला की हे पान आपोआप बंद होतं."

"पण रात्रीच्या विजेचा दर—"

"थेल्मा! हे तुझं काम नाही. तू बिस्किट खा."

विनी फिसकन हसली. थेल्माने बिस्किट घेतलं. पडद्यावर प्रश्न आला होता, रात्रीसाठी वेगळा दर आहे का? थेल्माला तो नीट दिसला. नोरीनचं बोट 'नाही'वर पडलेलंही दिसलं. बिस्किट तोंडात होतं. ती चावत राहिली.

दोन आठवड्यांनी वेबसाइटकडून भेट आली, चष्मा घातलेलं एक कापडी घुबड. नोरीनने ते स्वतः थेल्माच्या फ्लॅटवर आणून दिलं. "शहाणपणाचं बक्षीस," ती म्हणाली. "अर्थात, माझ्या."

थेल्मा नवव्या मजल्यावर राहायची. त्या इमारतीत गॅस नव्हता, सगळं विजेवर. बैठकीत भिंतीला लागून एक भलीमोठी लोखंडी पेटी होती, तोच तिचा हीटर. त्याच्या पोटात विटा रचलेल्या. रात्री सगळं जग झोपलेलं असताना वीज अर्ध्या दराने मिळते, तेव्हा त्या विटा तापून लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू ऊब सोडत राहतात. हे यंत्र साधं आणि गुणी आहे, पण ते चालतं ते त्या अर्ध्या दराच्या जिवावर. तो दर गेला की तीच पेटी घर धुऊन नेते. नोरीनने ज्या योजनेत तिला घातलं, तिच्यात दिवसरात्र एकच दर होता.

थेल्माला हे पहिल्याच बिलावर कळलं. नोरीनने ते छापून आणलं होतं. दिवसाची ओळ आणि रात्रीची ओळ, दोहोंपुढे दराचा एकच आकडा. ऑक्टोबर उजाडला होता. थेल्माने कंपनीला फोन लावला, बराच वेळ संगीत ऐकलं आणि मग एक पोरगा बोलला.

"मॅडम, हे ऑनलाइन खातं आहे. ई-मेल आणि पासवर्ड सांगा."

"ई-मेल बहिणीचा आहे. पासवर्डही तिच्याकडेच आहे."

"मग बहिणीला फोन करायला सांगा."

"तिला न सांगता नाही का होणार?"

"नाही मॅडम. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

पुढच्या मंगळवारी तिने धीर करून नोरीनला बाजूला घेतलं. नोरीन बाजूला होणाऱ्यांतली नव्हती.

"सगळ्यांसमोर बोल की! काय झालं?"

"ते रात्रीच्या दराचं गं. माझा हीटर रात्री—"

"ऐकलंत का?" नोरीन क्लबाकडे वळली. "वर्षाला इतके पैसे वाचवून दिले, तरी हिची कुरकूर सुरूच! वडील उगाच नव्हते म्हणत." आणि आपल्या कपाळावर टकटक करून ती हसली. बायकाही हसल्या. कुणाच्या मनात फार वाईट नव्हतं, आणि म्हणूनच हसू लांबलं.

थेल्मा घरी गेली. तिने हीटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

नोव्हेंबर तिने बसमध्ये काढला. म्हाताऱ्यांना पास फुकट असतो आणि बसमध्ये ऊब असते. ती शेजारच्या बरी नावाच्या गावाला जायची आणि त्याच बसने परत यायची. एक ड्रायव्हर तिला ओळखू लागला. "आजी, बरीमध्ये प्रियकर आहे वाटतं?" त्याने विचारलं. "दोन आहेत," थेल्मा म्हणाली. "एकाचं दुसऱ्याला कळू देऊ नकोस." घरी ती कोट घालूनच स्वयंपाक करायची आणि अंधार पडला की गरम पाण्याची रबरी पिशवी पोटाशी धरून पांघरुणात शिरायची. डिसेंबरमध्ये तिला खोकला लागला तो गेलाच नाही. खोकताना तोंडातून वाफ निघायची, स्वतःच्याच बैठकीत.

ख्रिसमसच्या आधीच्या मंगळवारी ती क्लबात आली तर सूचनाफलकापाशी गर्दी होती. फलकावर तिचं बिल टाचलं होतं. नोरीनने ई-मेलवर आलेलं छापून आणलं होतं आणि खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'आपल्या क्लबातलं सगळ्यात कमी बिल!'

"बघा," नोरीन सांगत होती, "नवव्या मजल्यावर राहते, सगळं विजेवर, आणि भर हिवाळ्यात बिल किती? हे! आता कुणी मला शिकवायला येऊ नका."

"थेल्मा, पोरी, नशीबवान आहेस," विनी म्हणाली.

थेल्माने फलक वाचला. खोकली. मग नोरीनच्या गालाची पापी घेतली आणि म्हणाली, "तुझ्यामुळेच गं हे सगळं." त्या क्षणी तिने ठरवलं, की सोसलेली थंडी आता वाया घालवायची नाही.

मनात आलं असतं तर ती तिथल्या तिथे खरं सांगू शकली असती. फलकाखाली, सगळ्यांसमोर. पण सांगून काय होतं ते तिने पाहिलं होतं. म्हणून ती वाट बघत राहिली. टीव्हीवर रोज हवामान बघायची. जानेवारीत एके दिवशी निवेदिका म्हणाली, शनिवारी दिवसभर पारा शून्याच्या वर चढणार नाही, घरातच राहा, उबेत राहा. थेल्माने लगेच फोन उचलला आणि नोरीनला, विनीला आणि आणखी दोघींना शनिवारी चहाला बोलावलं.

त्या दिवशी तिने चांगला टेबलक्लॉथ काढला. हॅमची सँडविचेस केली, आल्याचा केक कापला, किटलीवर लोकरीची टोपी चढवली. त्या खोलीत टोपीखालची किटली तेवढी गरम होती. घुबड हीटरवर मधोमध बसवलं, चष्मा सरळ केला. आणि कोटाच्या आत तीन स्वेटर घातले होते, ते तसेच ठेवून कोट तेवढा काढला.

"या, या! कोट द्या इकडे."

विनी दारातच थबकली. "राहू दे गं. जरा बसते आधी."

"तुझी मर्जी. पण नोरीन, तू काढ बाई. हे घर तू उबदार केलंस, तूच कोट घालून बसलीस तर लोक काय म्हणतील?"

नोरीनला आल्याआल्याच गार लागलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण चौघी बघत होत्या. तिने कोट काढला. आत पातळ निळा ब्लाऊज होता, क्लबात छान दिसेल असा. थेल्माने कोट नेऊन आतल्या खोलीतल्या कपाटात टांगला आणि कपाटाला कुलूप लावलं.

चहा ओतला. कपांमधून वाफ निघाली आणि बायकांच्या तोंडांतूनही. थेल्माने सावकाश केक वाढला, सावकाश साखर विचारली, तीही प्रत्येकीला दोनदा. नोरीनच्या दंडांवर काटा उभा राहिला होता. तिने दोन्ही हात कपाभोवती धरले होते.

"आणखी सँडविच घे, नोरीन."

"नको."

"घे. आखडून का बसलीस अशी?"

विनीचं लक्ष हीटरकडे गेलं. "थेल्मा! घुबड वर ठेवलंयस? जळेल ना ते!" ती उठली, घुबड उचललं आणि सवयीने हाताचा तळवा पेटीवर टेकवला. तिने हात तसाच ठेवला. मग दुसरा हातही ठेवला.

"अगं, हा बर्फ आहे."

"हो," थेल्मा म्हणाली. "ऑक्टोबरपासून बंद आहे. नाहीतर बिल कमी कसं येणार? आपल्या क्लबातलं सगळ्यात कमी बिल आहे ते."

नोरीन उठली. "हे काय नाटक आहे? चालू का नाही केलास?"

"रात्रीचा दर गेला. तू 'नाही'वर बोट ठेवलंस."

"मग मला सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं. एकदा तू बिस्किट खा म्हणालीस. आणि दुसऱ्यांदा..." थेल्माने स्वतःच्या कपाळावर टकटक केलं.

विनी खाली बसली. तिने नोरीनकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "नोरीन, माझ्या वेळचे सगळे प्रश्न तू वाचले होतेस ना गं?"

"माझ्याही?" दुसरी म्हणाली.

नोरीनचे ओठ निळे पडले होते. ते थंडीने की कशाने, हे सांगता आलं नसतं. थेल्माला हे बघायचं होतं. पूर्ण हिवाळा तिने याचसाठी जपून ठेवला होता, आणि तो क्षण तिने घोटघोट प्यायला.

"आता पासवर्ड सांग," ती म्हणाली आणि ऑक्टोबरचं बिल टेबलावर ठेवलं. "विनी, त्या बिलाच्या मागे लिहून घे."

"घरी गेल्यावर बदलून देते," नोरीन घाईने म्हणाली. "नवीन, सोपा करून देते."

"आत्ता सांग. जो आहे तोच."

"थेल्मा, नको."

"सांगितल्याशिवाय कोट मिळणार नाही."

खोलीत फक्त नोरीनचे दात वाजत होते. तिने खाली बघत सांगितलं. "ठोकळा. आणि पुढे तुझं जन्मसाल."

विनीचं पेन थांबलं. कुणी हसलं नाही. थेल्माने किटलीवरची टोपी उगाचच नीट केली. साठ वर्षांत ते नाव गेलं असं तिला वाटलं होतं. ते कुठेच गेलं नव्हतं. नोरीनच्या बोटांत होतं, आणि दर महिन्याला तिचं बिल उघडताना ती बोटं ते टाइप करत होती.

"लिही की," ती विनीला म्हणाली. "थांबलीस कशाला?"

सोमवारी तिने कंपनीला फोन लावला. ई-मेल सांगितला. पासवर्ड सांगितला, स्पष्ट, एकेक अक्षर. पलीकडच्या पोराने तो पुन्हा एकदा विचारून घेतला.

"मॅडम, दोन दरांची योजना सुरू होईल. पासवर्ड बदलून देऊ का?"

"नको. राहू दे तोच."

नोरीन पुन्हा क्लबात टॅब्लेट काढताना दिसली नाही. पुढे पुढे ती मंगळवारची यायचीच बंद झाली. बायका बिलं घेऊन थेल्माकडे येऊ लागल्या. थेल्मा त्यांना म्हणायची, मला यातलं काही कळत नाही, आणि बिस्किटांची बशी पुढे करायची.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी दारावरची बेल वाजली. नोरीन होती, हातात अंड्याच्या कस्टर्डच्या पेस्ट्रीचा खोका. घरात विटा व्यवस्थित तापलेल्या होत्या. खिडकीच्या काचा वाफेने धूसर झाल्या होत्या. थेल्मा बाह्या वर करून बसली होती.

"ये. कोट काढ."

"नको," नोरीन म्हणाली. "लगेच निघायचंय."

ती खुर्चीच्या काठावर बसली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. थेल्माने चहा दिला. दोघींनी एकेक पेस्ट्री खाल्ली. हवापाण्याचं बोलून झालं. नोरीनच्या वरच्या ओठावर घाम आला, मग कपाळावर, मग पावडरमधून एक ओघळ कानामागे गेला. ती उठेना आणि बटणालाही हात लावेना.

थेल्माने तिच्याकडे पाहिलं. मग ती उठली, हीटरपाशी गेली आणि ऊब सोडणारी खुंटी शेवटापर्यंत फिरवली.

"आणखी चहा घेशील?" तिने विचारलं.