बकुळावहिनींची टेकरी

आमच्या बकुळावहिनींना चित्र काढता येत नाही, असं म्हणायची देवासच्या मराठी समाजात कुणाची छाती नव्हती. हळदीकुंकू असो की लग्नाचा मांडव, रांगोळी त्यांचीच. आधी ठिपके, मग रेघ. डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी ड्रॉइंगच्या क्लासला नाव घातलं तेव्हा मी हसलो. मग रोज स्कूटरवरून त्यांना पोचवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

कारण होतं टेकरीचं. माझे थोरले भाऊ, दादा, गेले, आणि आता त्यांचा मुलगा राजवीर आईला दिवाळीनंतर कायमचं पुण्याला नेणार होता. जाण्याआधी आपल्या गच्चीवरून दिसते तशी माताजींच्या देवळाची टेकरी स्वतःच्या हातानं काढायची आणि बरोबर न्यायची, एवढंच वहिनींच्या मनात होतं. राजवीर म्हणाला, "फोटो काढून मोठा करून देतो."

"फोटो तर बाजारात पण भेटतो," वहिनी म्हणाल्या.

क्लास घेणारी देवश्री पोरसवदा. घर मराठी, शाळा हिंदी. पहिल्या दिवशी तिनं टेबलावर पितळी लोटा ठेवला. वहिनींनी आधी कागदभर ठिपके दिले.

"काकू, हे दाने-दाने काय आहेत?"

"ठिपके. त्याच्याशिवाय रेघ धरेल का?"

मग त्यांनी लोट्याचं तोंड बांगडीसारखं गोल गरगरीत काढलं. देवश्रीनं विचारलं, "इथून एवढं गोल दिसतंय का?"

"दिसायला कशाला पाहिजे? गोलच आहे. जन्मभर लोटे घासलेत मी!"

"काकू, तुम्ही जो पता है वो काढता. जो दिखता है, तो काढा ना."

हे वाक्य पुढे इतक्यांदा ऐकलं की मागच्या खुर्चीवर बसल्याबसल्या माझंच डोकं उठायचं. वहिनींचा सरावलेला हातच त्यांना नडत होता. लोटा कलता ठेवला तरी कागदावर सरळ उभा राहायचा, दोन्ही बाजू सारख्या. खोडून खोडून कागदाला भोकं पडत. घरी पोचल्यावर स्कूटरवरून उतरताना त्या मलाच झापत, "भावजी, किती खड्ड्यातून नेता हो!"

मग देवश्रीनं त्यांना पेन्सिल हात लांब करून धरायला, एक डोळा मिटून अंगठ्यानं माप घ्यायला शिकवलं. हळूहळू लोट्याचं तोंड चपटं झालं. देवश्रीनं टाळ्या वाजवल्या. वहिनींना मात्र तो लोटा ठेचलेला वाटत होता.

नवरात्र संपल्यावर एका सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. टेकरी याआधी त्यांनी चारदा काढून फाडली होती. दर वेळी मधोमध डोंगर, वर देऊळ, झेंडा. आज ठिपके नव्हते. हात लांब, डोळा मिटलेला, पेन्सिल सरकतेय, रेघ पडतेय. तासाभरानं त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

चित्र अगदी बरोबर होतं. समोरच्या लॉजच्या चार मजल्यांनी कागद भरला होता. वर पाण्याची काळी टाकी, विजेच्या तारा. डाव्या कडेला टेकरीचा करंगळीएवढा तुकडा. देऊळ नव्हतंच, ते टाकीमागे गेलं होतं. मी मान वर करून पाहिलं. खरंच तसंच दिसत होतं. मला त्या देवश्रीचा असा राग आला, की काय सांगू!

"हा लॉज कधीचा आहे, भावजी?"

"झाली की आठ-नऊ वर्षं."

वहिनींनी कागद परत घेतला. पदरानं पेन्सिलीनं काळी झालेली बोटं पुसत म्हणाल्या, "मग अंघोळ करून रोज इथून मी नमस्कार कोणाला करत होते?"

समोरच्या गच्चीवर टाकी भरून वाहायला लागली होती.