यांगूनला येणाऱ्यांनो, आधी हे ऐका

आमच्या लांजीच्या स्टँडवर गोंदियाची बस सुटताना बाबा खिडकीशी आले. म्हणाले, "कोणाले भेऊ नको. जे खरं हाय, ते तोंडावर बोलजो." मी राईस मिलच्या मशिनी बसवणारा मेकॅनिक. म्यानमारात, यांगूनजवळच्या एका मिलमध्ये काम मिळालं होतं. बाबांना कौतुक वेगळंच, पोरगा बुद्धाच्या देशात चालला.

तिथे लष्कराचं राज्य आहे हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मावसभाऊ संदीप पॅगोडा बघायला आला. विमानतळावरच त्याला बजावलं, नाक्याचा फोटो काढू नको, शिपायाचा तर नकोच, कोणाला सरकारबद्दल विचारू नको. "हौ रे, समजलं," म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी चेकपोस्टवर गाडीतून रील काढली.

शिपायांनी रील पुसली, पासपोर्ट पाहिला, संदीपला सोडलं. खाली उतरवलं ते को मिनला. को मिन आमच्या मिलचा ड्रायव्हर, गाडी तोच चालवत होता. त्यानंच मला बर्मी शिकवली, तापात पेज आणून दिली.

"उसको क्यों? फोटो तो मैंने निकाला!" संदीप ओरडला. मग माझ्याकडे वळला, "तू बोल ना, तुले त्याइची भाषा येते!"

येत होती. मी बोललो नाही. को मिनला ते घेऊन गेले.

चार दिवसांनी को मिन परतला. गाडीची किल्ली मालकाला दिली, माझ्याकडे न बघता निघून गेला. पुन्हा दिसला नाही.

संदीप गावाकडे रंगवून सांगतो, "मिलिटरीनं धरलतं मले!" लोक हसतात. आता आणखी सहा जण निघालेत. फोनवर विचारतात, तिथं शॉपिंगले काय भेटते? अरे बाबांनो, तुम्ही चुकलात तर भोगतो तिथला माणूस! किती वेळा सांगू?

परवा सुट्टीवर लांजीला आलो. बाबांबरोबर चहाच्या टपरीवर बसलो होतो, लाईट गेली तसा एक म्हातारा सरकारला मोठमोठ्यानं शिव्या घालू लागला. मी चटकन मागे वळून पाहिलं, कोण ऐकतंय ते.

"काहून पाहून राह्यला?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," म्हणालो.

टपरीवर दुसरं कोणीच मागे पाहत नव्हतं. तेच माझं घर, आणि तिथे मान वळवणारा मी एकटाच.