कड्याखालची हाक

किल्ल्याच्या टोकावर तो रोज संध्याकाळी पालथा पडून कड्याखाली बघत असायचा. दाढी वाढलेली, शेजारी दोराचं वेटोळं. ओहोटीला कडा उतरून खालच्या गुहेत जाणारा गावात तो एकटाच. पण बायकोला दिवस गेले होते, आणि अशा नवऱ्याने दाढी करू नये, कडे उतरू नयेत, असं त्याच्या आईचं म्हणणं. दोर मात्र तो रोज आणायचा.

एकदा माझ्यासमोर त्याने तोंडाशी हात धरून खाली हाक मारली. गुहेतून उत्तर आलं.

"ऐकलंत? पूर्वी माझाच आवाज परत यायचा. हिला दिवस गेल्यापासून हा असा बारीक येतो. आत कोणीतरी वाट बघतंय, नि मला उतरता येत नाही."

वारा असेल, मी म्हणालो. पण आवाज लहान मुलाचाच होता.

दिवाळीनंतर तो भेटला तेव्हा दाढी गुळगुळीत होती. मुलगी झाली, म्हणाला. दोर बरोबर नव्हता.

"आता उतरायला मोकळे झालात की."

"उतरून काय करू? खाली आता कोणी नाही."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी तोंडाशी हात धरून जोरात हाक मारली. ती खाली गेली आणि परत आली नाही.