बॉनेटवरची सही

"ए, गाडी तिकडं लिंबाखाली घे. पाहुण्यांवर धुराळा उडवू नको. आन् तिथंच थांब."

गावचे पुढारी बापू मला म्हणाले. चालू माइकसमोर, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू गेलं. मांडवात पाच खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीच्या पाठीवर कागद डकवलेला: 'अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती'. अध्यक्ष मी. बापू त्या कागदाला पाठ टेकून बसले आणि मी जीप लिंबाखाली नेली.

हसू येत असेल तर हसा. स्टँडवर हा किस्सा मी कितीदा तरी करून दाखवलाय, बापूंच्या बसण्यासकट. लोक पोट धरून हसतात. आता मीच दमलोय. म्हणून एकदा सरळ लिहून टाकतो.

मी गंगापूर रोडवर जीप चालवतो. वडिलांनी मेंढरं हाकली, मी माणसं हाकतो. मेंढरं बरी, पुढची सीट मागत नाहीत.

आमच्या गावची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. दोन खोल्या, त्यातली एक गळकी. दोन शिक्षक, त्यातले एक हेडसर. समितीचा अध्यक्ष पालकच पाहिजे असा नियम आहे. ज्याचं लेकरू त्या शाळेत शिकतं, तोच. इथंच बापूंची पंचाईत. शाळेची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली, शब्द त्यांचा चालतो. पण नातवंडं पिवळ्या बसनं शहरातल्या इंग्रजी शाळेत जातात. मग त्यांनी एक पालक शोधला. बडबड करील पण विचारणार काही नाही, असा. माझी धाकटी मैना तेव्हा दुसरीत होती. मी सापडलो.

आणि मी काय खूश! स्टँडवर पेढे वाटले. जीपच्या मागच्या काचेवर 'अध्यक्ष' असं रंगवून घेणार होतो. बायको म्हणाली, "आधी हॉर्न तर वाजू द्या."

दोन वर्षं झाली, बैठक कशी असते ते मी पाहिलं नाही. बैठक व्हायची बापूंच्या ओसरीवर, आणि हेडसर वही घेऊन यायचे स्टँडवर. नेमके गाडी भरत आली की. "अध्यक्षसाहेब, इथं एक सही." मी वही बॉनेटवर ठेवायचो आणि झोकात सही ठोकायचो. पान कधी लिहिलेलं, कधी कोरं. वाचतोय कोण? बाकीचे ड्रायव्हर बघायचे, मला तेवढं पुरे होतं. मला खोडणारा पेन मीच चालवत होतो.

मग शिक्षण विभागातल्या मॅडम शाळा बघायला येणार असं ठरलं. नव्या खोलीची मंजुरी त्यांच्या पाहणीवर होती. बापूंचा निरोप आला, मॅडमना शहरातून तू आण. मला तो मान वाटला. इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत मॅडमनी विचारलं, "तुमच्या शाळेचे अध्यक्ष कसे आहेत हो?"

मी आरशात बघत म्हणालो, "माणूस चांगला हाय मॅडम. फक्त बोलतो लई."

मांडवात मी मधल्या खुर्चीत बसल्यावर त्यांचं तोंड कसं होईल, याचं चित्र रंगवत गावापर्यंत गालात हसत आलो.

आणि मग लिंबाखाली.

शाळेचा परिचय मैना करून देणार होती. आठ दिवस घरी तालीम चालली होती. मी बाजेवर बसायचो, मी पाहुणा. "आमच्या शाळेचे अध्यक्ष, माझे पप्पा" या ओळीला तिला रोज हसू फुटायचं. पण त्या दिवशी तिच्या हातात कागद होता. हेडसरांनी सकाळीच लिहून दिलेला.

तिनं शाळा सांगितली, खोल्या सांगितल्या, हेडसर सांगितले. "आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष..."

थांबली. कागदाकडं बघितलं. लिंबाकडं बघितलं.

हेडसर हळूच म्हणाले, "वाच, वाच. लिहिलंय तसं वाच."

तिनं बापूंचं नाव वाचलं. टाळ्या. शाल.

आयुष्यात मला लई जणांनी "ए" म्हटलंय. ते अंगावरून गेलं. हे गेलं नाही. बाप न वाचता सही करतो, लेक लिहून दिलेलं वाचते. घराण्याची चाल पडत होती, माझ्या डोळ्यांसमोर.

मी चालत मांडवात गेलो. तिच्या हातातला माइक घेतला.  

"मॅडम, लई बोलतो तो अध्यक्ष मीच."

कुणीतरी हसलं. सवयीनं मलाही हसू आलं. गिळलं.

"शाळेचा परिचय अर्धा राहिलाय. एक खोली गळते. पोरींच्या संडासाला बारा महिने कुलूप असतं, किल्ली बापूंच्या घरी. तुम्ही येणार म्हणून आज उघडलं. पोरी दुपारी पाणी पीत नाहीत. आन् सगळं ठीक हाय म्हणून दोन वर्षं सह्या माझ्या हायेत. न वाचता केल्या. ती चूक माझी. आता, ज्यांचं लेकरू या शाळेत शिकतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मांडवाबाहेर उभ्या राहिलेल्या बायांचे. खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा. कापूस वेचणी सोडून आलेल्यांचे. पाच खुर्च्यांवरचा एकही नाही. हेडसरांचासुद्धा नाही.

बापू हसत म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हर हाय तो. ऊन लागलंय त्याला. ए, हो बाजूला."

"व्हय बापू, ड्रायव्हर हाय. आन् अध्यक्ष बी हाय. तुम्ही कोण लागता या शाळेचे?"

बापू उठले नाहीत. खोटं कशाला सांगू? मला खुर्ची मिळाली नाही, मी उभाच राहिलो. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना बापूंच्या गाडीतून गेल्या. खोलीचं अजून कळलेलं नाही. कुलूप दुसऱ्या दिवशी परत लागलं. बापूंच्या रानात कामाला जाणारी माणसं आता माझी जीप सोडून मागच्या जीपमध्ये बसतात.

 दोन दिवसांनी मैना म्हणाली, "पप्पा, मी तुमचंच नाव घ्यायला पायजे होतं."

एवढ्याशा पोरीनं माफी मागावी, आणि तीही माझी. या जागेचा किस्सा होत नाही. करून बघितला.

परवा हेडसर पुन्हा स्टँडवर आले. गाडी भरत आली होती. "अध्यक्षसाहेब, एक सही." वही उघडली. पान कोरं.

मी वही बॉनेटवर ठेवू दिली नाही.

"सर, बैठक शाळेत लावा. त्या दिवशी हात वर केलेल्या सगळ्या बायांना बोलवा. पहिला विषय किल्ली. वही तिथं वाचीन, मग सही."

"बापू म्हणाले होते की..."

"बापूंचं लेकरू कितवीत हाय, सर?"

सर वही मिटून गेले. बैठक मंगळवारी अकराला लावलीय, म्हणजे नेमकी माझी गाडी भरायच्या वेळेला. मुद्दाम. मैना चौथीत आहे. उन्हाळ्यानंतर ती या शाळेतून जाईल, तिच्याबरोबर माझं अध्यक्षपणही जाईल. हातात थोडे महिने आहेत. मंगळवारी जीप रिकामी उभी राहील. खुर्ची दिली तर खुर्चीत, नाही दिली तर जमिनीवर, वही मांडीवर घेऊन बसेन. एकेक ओळ मोठ्यानं वाचीन. आणि किल्ली त्या बायांपैकी एकीच्या हातात पडेपर्यंत पेनाचं टोपण काढणार नाही.