अर्धा सूत ढिलं भोक

"मॅडम, 'पाडा' लिहान तं सीझन गेला. 'राहू द्या' लिहान आन् पडलं, तं साठ बाया खाली असतीन. बोला!"

राळेगावकडच्या एका सहकारी जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, अध्यक्ष माझ्यासमोर बसले होते. कापसाचा भाव कोसळलेली ती वर्षं. शेतात मजुरी नाही, त्या बायांना या शेडचाच आधार. छपराच्या सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, जुन्या, आणि तपासणीला आलेली स्ट्रक्चरल इंजिनिअर मी.

माझं मत जवळजवळ ठरलं होतं, पाडा. कैचीची खालची तुळई दोन तुकड्यांची. जोडावर लोखंडी पट्ट्या, दोन्ही तुकड्यांत ओळीनं चार-चार बोल्ट. एक जोड उघडला. मधले दोन बोल्ट घट्ट, टोकाच्या दोघांची भोकं ढिली. दुसरा जोड उघडला, तेच! माझं डोकंच फिरलं.

"कोणत्या गाढवानं पाडली ही भोकं?"

"म्या," मागून आवाज आला. सुखदेव मिस्त्री, सत्तरी ओलांडलेले. "मापूनच पाडली, बाई. अर्धा सूत ढिली." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"मुद्दाम?"

"मंग काय! इचारा ना तुमच्या कम्प्युटरले."

यवतमाळला येऊन रागारागातच मॉडेल केलं. मॉडेल म्हणजे जोड कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा, भार चढवायचा आणि कोणता बोल्ट किती ओढतो ते पाहायचं. आधी पुस्तकाप्रमाणे चारही भोकं घट्ट धरली. टोकाचे बोल्ट मरमर ओढत होते, मधले आरामात. लाकूड टोकालाच फाटत होतं. मग मिस्त्रींचं माप भरलं. आधी मधले बोल्ट ओढ घेत, ढिल्या भोकांतले टोकाचे मागून; चारही बोल्टांवर भार जवळजवळ सारखा! माझंच काही चुकलं म्हणून तीनदा चालवलं. तेच उत्तर. अंगावर काटा आला हो. शाळेची पायरी न चढलेल्या माणसानं हे कसं ओळखलं असेल?

कॉम्प्युटरवर विसंबून सही करत नसतात. वाळूची पोती टांगून कैच्या तपासल्या. वाकल्या, पण मॉडेलनं सांगितलं तेवढ्याच.

"बाबा, कोणी शिकवलं हे?"

"कोन शिकवते? पयल्या कैचीले चारी भोकं घट्ट मारलती. भर सीझनमंदी काडकन फाटली. कोनी मेलं नाई, नशीब. ते फाटकं लाकूड वर्षभर घरी ठेवून पाहत बसलो."

मी हात जोडले. 'राहू द्या' लिहिलं, सही केली. त्या सीझनला साठही बाया कामावर होत्या.

तेव्हापासून साइटवर काही चुकलेलं दिसलं, की शेरा मारण्याआधी ते करणारा माणूस शोधते. जिवंत आहे तोवर विचारून घ्यावं.