आत ओढलेला होकार

रूने हेडमनचे कान ही आमच्या उत्तरेकडच्या ग्रानत्रेस्क गावाची मालमत्ता होती म्हणा ना. गावात दवाखाना नव्हता, पेट्रोल पंप होता तोही बंद पडला, पण रूने होता. गाडी अंगणात वळायच्या आधीच तो शेडमधून ओरडायचा, "पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय रे तुझं!" आणि खरंच गेलेलं असायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि वैद्याने नाडी सोडावी तसा स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून निदान सांगायचं. जुन्या टर्बो गाड्या त्याच्या विशेष लाडक्या. त्या बनवणारा कारखाना कधीच मेला होता, पण ग्रानत्रेस्कमध्ये त्या अजून धावत होत्या, त्या रूनेच्या जिवावर.

कौतुक ऐकून ऐकून माणूस किती फुगतो, ते त्याच्याकडे बघून कळायचं. दुसऱ्या कुणी आधी हात लावलेली गाडी आली की तो तोंड वाकडं करायचा. "आधी ऐकावं, मग उघडावं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकून झालं की बहुतेक वेळा उघडायचंही राहून जायचं.

सत्तरी जवळ आली आणि कान गेले. पुरते गेले असते तर बरं झालं असतं, निदान लपवता आलं नसतं. जाड आवाज शाबूत होते. पिस्टनची ठोक, सायलेन्सरची घरघर, शेजारचा कुत्रा, सगळं नीट यायचं. गेले ते बारीक आवाज. पाखरं गेली, चहाच्या किटलीची शिट्टी गेली आणि आमच्याकडचं 'हो' गेलं.

आमचं हे 'हो' म्हणजे शब्द नव्हेच. ओठ जरा आवळायचे आणि श्वास सुर्कन आत ओढायचा. झालं, हो म्हटलं. लग्नाला, जमिनीच्या सौद्याला, कॉफीच्या दुसऱ्या कपाला, सगळ्याला तेवढं पुरतं. दक्षिणेकडचे पाहुणे दचकतात, त्यांना वाटतं समोरच्याला धाप लागली. आम्हाला मात्र तोंड उघडून हो म्हणणं म्हणजे उगाच आरडाओरडा वाटतो. आणि नाही म्हणायचं असलं की आम्ही गप्प बसतो.

आता रूनेची पंचाईत बघा. त्याच्या कानाला हो आणि नाही एकच झालं. बायकोला, सिगब्रितला, विचारायचा, "आज मासे तळतेस का गं?" ती श्वास ओढायची, हा वाट बघायचा आणि शेवटी धुसफुसत म्हणायचा, "नको तर नको." मग ताटात मासे आले की बघतच राहायचा. दुकानात सांगत फिरायचा, "आमच्या बाईनं हल्ली बोलणंच टाकलंय." सिगब्रितला खरा प्रकार केव्हाच कळला होता. एकदा तिने भीतभीत म्हटलंही, "कान तपासून घे एकदा." त्याने हातातला काटा ताटात आपटला. "कान गेले तर माझ्यात उरतं काय?" हे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की तिला त्याची दया आली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही आणि बाहेरही कुणापाशी बोलली नाही. ती दयाच पुढे नडली.

नोव्हेंबरातली सकाळ होती, अजून उजाडलं नव्हतं. मायलिस गाडी घेऊन अंगणात आली. नदीकाठच्या घरातली मायलिस, टोरेची बायको. टोरेला पक्षाघात झाल्यापासून तो उमेओ शहरातल्या इस्पितळात होता आणि ती आठवड्यातून दोनदा त्यांची जुनी टर्बो गाडी हाकत त्याच्याकडे जायची. त्या सकाळी इस्पितळातून फोन आला होता. आजच या, आणि लवकर या, एवढंच म्हणाले होते.

"जळकट वास येतोय रे हिला," मायलिस म्हणाली. "आणि उभी करीन तिथं बर्फावर तेलाचा डाग. खरं सांग, नेऊ का? नाहीतर नऊची बस आहे. ती पलीकडच्या काठानं गावोगाव थांबत जाते, पण पोचते तरी."

"बस कशाला? मी मेलोय का? थांब, बघतो."

त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाची मागची बाजू तेलाने माखली होती. तेल गळतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे, हे रूने झोपेतही सांगेल. त्याने सगळं पुसून कोरडं केलं, तान्ह्या पोरांना लावतात ती पावडर वरून भुरभुरली आणि मायलिसला इंजिन चालू करायला सांगितलं. थोड्या वेळात पांढऱ्या पावडरीतून काळा ओघळ उतरला, वरच्या झाकणाखालच्या रबरी पट्टीपासून, गॅस्केटपासून, थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवर. चोर सापडला. रूनेला इतकं बरं वाटलं, की घरात दुसरा चोर असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

आलं नाही असं तरी कसं म्हणू? आलं होतं. टर्बोच्या गाडीत तेल कमी पडलं की पहिला जीव टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या चाकाचा, जातो, त्याची दांडी सैल होते आणि ती शीळ घालू लागते, हे त्यानेच आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. म्हणून तर त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटले. घरघर ऐकली, ठकठक ऐकली. शीळ नव्हती. टर्बोच्या तोंडावरचा रबरी पाइप काढून दांडी बोटाने हलवून पाहिली असती तर लगेच सोक्षमोक्ष लागला असता. पण बोटाने चाचपायचं ते ज्यांना कान नाहीत त्यांनी, असा त्याचा तोरा. त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि तेवढी एक शंका नको म्हणून, मान आत खुपसलेलीच ठेवून, विचारलं,

"गॅस दाबलास की शीळ वाजते का गं?"

मायलिस स्टिअरिंगमागे बसली होती, काच खाली होती. तिने श्वास आत ओढला.

रूने क्षणभर थांबला. मागून काही आलं नाही. नाही तर नाही. त्याने झाकणाचे बोल्ट आवळले, तेल भरलं आणि बॉनेट आपटलं.

"जा बिनधास्त. नुसतं गॅस्केट आहे, परत आलीस की नवं टाकतो. आणि टोरेला म्हणावं, पुरे झालं लोळणं. मासेमारीसाठी तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायला मला एकट्याला होत नाही."

"तू म्हणतोस म्हणजे ठीकच असणार," मायलिस म्हणाली आणि गाडी वळवून निघाली.

अर्ध्या वाटेवर गाडी मेली. शीळ वाढत वाढत किंकाळी झाली, मग एकदम बंद पडली, आणि मागच्या काचेत निळा धूर सोडून काही दिसेना. दोन्ही बाजूंना जंगल, फोनला रेंज नाही. मायलिस कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला हात हलवत उभी राहिली. शेवटी ओंडक्यांचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस, त्याने वाकडी वाट करून तिला इस्पितळाच्या दारात सोडलं. टोरेचा हात अजून पुरता गार झाला नव्हता. सकाळभर शुद्धीवर होते, तुमची चौकशी करत होते, असं नर्सने सांगितलं.

रूनेने गाडी ओढून आणली आणि आता तो पाइप काढला. आतून तेल भळभळलं आणि टर्बोचं चाक मोडक्या दांडीसकट त्याच्या हातात आलं. तो तिथेच थंड फरशीवर बसला. त्याला रडू येत होतं आणि त्याच वेळी तो स्वतःशी भांडतही होता. मी विचारलं होतं. ती गप्प राहिली. वाजत नाही म्हणूनच गप्प राहिली ना? अंत्यविधीपर्यंत तो सिगब्रितपाशी हेच घोकत राहिला. सिगब्रित भांडी घासत राहिली.

दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती, आमच्याकडे अशा वेळी असतो तो सँडविचचा खारा केक होता. रूने आपला कप घेऊन मायलिससमोर जाऊन बसला. मनातलं ते एक वाक्य त्याला स्वस्थ बसू देत नव्हतं.

"मायलिस, मी तुला शिळेचं विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तू काही बोलली नाहीस."

"अरे, हो म्हटलं की मी."

"कधी?"

"तेव्हाच, गाडीत बसून." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आठवडाभर वाजत होती. मला वाटलं, तूही ऐकलीस आणि तरी जा म्हणतोयस, म्हणजे तिचं काही विशेष नसणार. वाटेत वाढायला लागली तरी मी घाबरले नाही. म्हटलं, रूनेनं ऐकलीय."

"कसं म्हटलंस? पुन्हा म्हण."

मायलिसने ओठ आवळले. तिची छाती किंचित वर झाली. शेजारच्या टेबलावरची दोघं वळून बघायला लागली, म्हणजे त्यांना ते ऐकू गेलं असणार. रूनेला काहीही आलं नाही. त्याने सिगब्रितकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

"मला ऐकू येत नाही," रूने म्हणाला. हे तो पहिल्यांदाच बोलत होता आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बारीक काही म्हणजे काही येत नाही, मायलिस. शीळही आली नव्हती. बरीच वर्षं झाली."

ती चिडली असती, कप फेकून मारला असता, तर त्याला सोसलं असतं.

"एवढंच सांगायचं होतंस रे त्या सकाळी," मायलिस म्हणाली. "मी बसनं गेले असते."

मग ती उठली, कॉफीचं भांडं घेतलं आणि टेबलाटेबलाशी जाऊन लोकांना वाढू लागली. फिरत फिरत रूनेपाशी आली, तेव्हा त्याच्याही कपात तिने कॉफी ओतली.