चित्रांमागच्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, जिवलग मित्राला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही – तिथेसुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बोलतोय असं समजा. ओळखत असता तर पुन्हा गप्प बसलो असतो. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

लोक मला सर म्हणतात. धाड गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात मी शाळेत चित्रकला शिकवतो. बरा शिकवतो, असंही म्हणतात. आणि कुणी तसं म्हणालं की मला सुनंदा आठवते. सुनंदा माझी बायको. घरातलंच माणूस, रोज समोर असलेलं – तरी आठवते.

लग्न झालं तेव्हापासून सुनंदाचं एक वाक्य ठरलेलं होतं. काहीही विचारा – भाजी कोणती लावायची, पोरीला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं – ती म्हणायची, "मले काय समजते त्यातलं?" बारावी पास झालेली बाई! पण माहेरी तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि सासरी आम्हीही विचारत नव्हतो.

आमची गौरी दीड वर्षाची असताना आम्ही दोघांनी चिखलीला कलाशिक्षकाच्या पदविकेला नाव घातलं. कल्पना माझी. शाळेत मला चित्रांची दोन बक्षिसं मिळाली होती, त्या जोरावर मी स्वतःला कलावंत समजत होतो. बीटी कपाशीच्या बोंडात तेव्हा गुलाबी अळी शिरली होती. झाड बाहेरून हिरवंगार आणि बोंड फोडलं की आत कापसाऐवजी सडकी, काळी कवडी. शेतावर भरवसा उरला नव्हता. दोघांपैकी एकाला तरी नोकरी लागेल, असं मी घरी सांगितलं. खरं सांगू? सुनंदा सोबत असली की पोरीला सांभाळायला कुणीतरी असेल, एवढ्याचसाठी मी तिचं नाव घातलं होतं.

वर्गात गौरी ड्रॉइंग बोर्डांमागे गोधडीवर झोपायची. सुनंदा पहिले दोन महिने मान खाली घालून बसली. मग एके दिवशी आमच्या सरांनी तिचा कागद उचलून वर धरला. तिने वेचणीची ओटी काढली होती – बाया कमरेला कापड बांधून त्यात कापूस भरत जातात, ती. आम्ही बाकीचे कापसावर पांढरा रंग थापत होतो. हिने कापूस रंगवलाच नव्हता. आजूबाजूच्या सावल्या तेवढ्या रंगवल्या आणि कापसाच्या जागी कागद कोरा सोडला. सरांनी विचारलं, असं का? तर भर वर्गात, मोठ्याने म्हणाली, "सर, रंग लावला की कापूस ओला दिसते."

त्या दिवसापासून ते वाक्य ऐकू येईनासं झालं. एसटीत जागेसाठी भांडायला लागली. गौरीला घाईत तपासून मोकळ्या झालेल्या डॉक्टरला तिने पुन्हा तपासायला लावलं. माझ्या चित्रावर बोट ठेवून एकदा म्हणाली, "तुमची सावली उलट्या बाजूले पडली." आणि हसली. सावली खरंच उलटी पडली होती. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? बायको फुलत होती, माझ्याच डोळ्यांसमोर. मला मात्र ती हसली तेवढंच लक्षात राहिलं. मी जळत होतो – दुसरा शब्द नाही.

आता ते सांगतो. किती वेळ टाळणार?

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने पंधरा चित्रं जमा करायची होती. तपासणारे बाहेरचे. चित्रावर नाव लिहायचं नाही. संस्थेने दिलेली नंबराची छापील चिठ्ठी मागे चिकटवायची, बस. जमा करायच्या आदल्या दिवशी आमची दुसरी वेचणी चालू होती. सुनंदा सकाळीच शेतात निघाली. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेले हात मला दाखवत म्हणाली, "चिठ्ठ्या तुमीच चिकटवा. माह्या हातानं कागद खराब होईन." आणि गेली. दोघांची चित्रं माझ्यापुढे ठेवून गेली.

मी कणकेची खळ शिजवली. भर दुपारी, दार उघडं टाकून, अंगणात बसून – चोरासारखा नाही, एखादं काम करावं तसा – मी तिच्या आठ चित्रांमागे माझा नंबर चिकटवला. ओटीचं चित्र त्यात पहिलं. माझी आठ, उलट्या सावल्यांची, तिच्या नंबरावर गेली. खळ वाळेपर्यंत मी तिथेच बसून होतो. तेवढ्या वेळात चिठ्ठ्या सहज निघाल्या असत्या. मी पाहत राहिलो.

मी पास झालो. ती वर्गातल्या परीक्षेत पास आणि जमा केलेल्या चित्रांत नापास. निकाल ऐकून ती रडली नाही. "मले वाटलंच होतं," एवढंच म्हणाली. आमच्या सरांचा विश्वास बसेना. त्यांनी मला गाठून विचारलं, तर मी म्हणालो, पोरीपायी तिला वेळच मिळाला नाही. ते म्हणाले, पुन्हा परीक्षेला बसव तिला, तिचा हात फार चांगला आहे. हा निरोप मी तिला दिला नाही. आज तुमच्यापुढे पहिल्यांदा उच्चारतोय.

पुढे तिने एकदाच विचारलं, "माही चित्रं परत भेटतीन का?" मी म्हटलं, देत नाहीत. देतात. मी एकटा जाऊन घेऊन आलो होतो. शाळेतल्या माझ्या कपाटात, सर्वांत वरच्या फळीवर आहेत. किल्ली माझ्याकडे असते.

अळीने कापूस खाल्ला, घर चालवायचं होतं, एकाला नोकरी हवी होती – हे सगळं खरं आहे. पण नोकरी तिलाही लागली असती. चिठ्ठ्या चिकटवताना माझ्या मनात अळी नव्हती. तिचं हसणं होतं.

गौरी आता चौथीत आहे. गेल्या रविवारी ओसरीवर चित्र काढत बसली होती. आईला हाक मारून विचारलं, कापूस कसा रंगवायचा गं? सुनंदा जवळ आली, वाकली. तिचा हात ब्रशकडे गेला – मी पाहिला. मग तो तिने पदराला पुसला.

"पप्पाले विचार बेटा. मले काय समजते त्यातलं?"

गौरी कागद घेऊन माझ्याकडे आली. मी तिला सांगितलं, कापूस रंगवायचा नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. सुनंदा दारातच उभी होती.

"तसंच कर," ती गौरीला म्हणाली. "त्यायले समजते." आणि आत गेली. मी कागदावर बोट फिरवून पोरीला दाखवत राहिलो, कुठली जागा सोडायची ते.